आवसेच्या माथी

मी मस्कतला निघालो तो दिवस नेमका अमावास्येचा होता. तिकीट कंपनीनं काढलेलं, त्यांना कुठली आलीय तिथी! आमच्या पडेगावच्या घरातून आवसेला कुणी परगावी जात नाही. म्हणून आईनं प्रस्थान ठेवलं, म्हणजे दोन दिवस आधीच, चांगली वेळ बघून, माझी बॅग शेजारी लक्ष्मणकाकांच्या घरी नेऊन ठेवली. सामान आधी निघालं की माणूसही निघाल्यात जमा. देवाशी अशी तडजोड करण्यात आमची माणसं पटाईत.

लक्ष्मणकाका तेव्हा नव्हते. त्यांना जाऊन चार महिने झाले होते. विधवेच्या घरात प्रस्थान ठेवायला आई कचरत होती, पण काकीच म्हणाली, "माझ्या घरून जाऊ दे त्याला. मला कुठं पोरगा हाय?" निघताना बॅग उचलायला गेलो तेव्हा ती दारात आली. माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "त्या दिसाचं मनाला लावून घेऊ नको, बाळा. आवस होती. आवसेनं नेलं त्यांना." मी पाया पडलो, बॅग उचलली आणि गाडीत बसलो.

माझे वडील, दादा, गवंडी. लक्ष्मणकाका त्यांचे तीस वर्षांचे जोडीदार. दोघं रोज सकाळी थापी कपाळाला लावून मगच कामाला हात घालायचे. आवसेला मात्र काम बंद. ऊन असो, मालक ओरडत असो, आवसेला वीट हलायची नाही. त्या दिवशी थापी, ओळंबा, घमेली धुऊन हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. मग दोघं साइटवर जाऊन परांचीचा एकेक बांबू हलवून बघायचे आणि कुजलेल्या दोऱ्या काढून नव्या बांधायचे. दादा म्हणायचे, "आजच्या दिशी चढायचं नसतं. निस्तं बघायचं असतं."

मी डिप्लोमा केला, सुपरवायझर झालो आणि या सगळ्याला अंधश्रद्धा म्हणू लागलो. चार बुकं शिकलेल्या पोराला बापाचं काही ना काही खोटं ठरवावंच लागतं. मला आवस सापडली.

पडेगावच्या पुढं एका तीन मजली घराचं काम होतं. मालकाच्या वास्तुशांतीचा मुहूर्त गुरुजींनी काढून दिलेला, पत्रिका वाटून झालेल्या, आणि बाहेरचं प्लास्टर अजून अर्धं बाकी. मधे आवस आली. मालकाचा मुहूर्त हलत नव्हता, मग मजुरांची आवस हलवायची ठरली. ती हलवायला मालकाला मी मिळालो. मी सगळ्यांना गोळा करून विज्ञानावर भाषण दिलं. माणसं दादांकडं बघत होती. दादा एवढंच म्हणाले, "पोरगं शिकलंय. त्याला कळत आसंल." त्यांच्या आवाजातला अभिमान मला अजून ऐकू येतो आणि शरमेनं मान खाली जाते.

सकाळी लक्ष्मणकाका म्हणाले, "चढतो, पर आधी दोऱ्या बघतो." मी म्हणालो, "काका, उद्या बघा. आज दिवस वाया घालवू नका." ते हसले आणि चढले. तासाभरात तिसऱ्या मजल्यावरची परांची एका बाजूनं बसली आणि काका खाली आले. वर बघितलं तर दोरीचं टोक लोंबत होतं, काळं पडलेलं, चिपाडासारखं. घाटी दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीत एकच बोलणं, आवस भोवली. एकदोन शिकलेले माझी बाजू घेऊन म्हणाले, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. फांदी आधीच कुजलेली होती, हे मला माहीत होतं. मालकानं गुरुजींकडून शांत करून घेतली आणि पुढचा मुहूर्त काढला. पंचनाम्यात "पाय घसरून" असं लिहिलं, त्याखाली साक्षीदार म्हणून मी सही केली. दादांनी त्या दिवसापासून थापी हातात धरली नाही. आवस मोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून ते दर आवसेला कडक उपास करतात, असं सगळे समजत होते. मीही तेच समजत होतो.

इथं मस्कतला मी सेफ्टी ऑफिसर आहे. हसा खुशाल. रोज सकाळी टूलबॉक्स टॉक घेतो, म्हणजे कामाआधी माणसांना धोके समजावतो, हार्नेसचे हूक तपासतो, स्कॅफोल्डिंगला, म्हणजे इथल्या लोखंडी परांचीला, हिरवा नाहीतर लाल टॅग लावतो. लाल लागला की कोणी चढायचं नाही, मग मॅनेजर कितीही तणतणो. माणसं मला पाठीमागं शिव्या देतात. शुक्रवारी साइट बंद असते, सगळे नमाजाला जातात, नाहीतर झोपतात. मी एकटाच हेल्मेट घालून जातो आणि सांधे बघत फिरतो. एका केरळी फोरमननं विचारलं, "आज तो छुट्टी है, क्या देख रहे हो?" मी पुढचा सांधा हलवून बघितला.

गेल्या सुट्टीत धीर करून दादांना सगळं सांगितलं. दोरी कुजकी होती, काकांना मीच अडवलं. दादा म्हणाले, "ठावं हाय मला. ती दोरी मीच सोडून आणली आन चुलीत घातली. आवस आवस म्हणून पहिल्यांदा मीच वरडलो. तुझं नाव निघू नये म्हनून." मी रडत म्हणालो, काकीला सांगून येतो. त्यांनी माझा हात गच्च धरला. "नाय जायाचं. आवसेला शिव्या घालून ती जगती. उद्या तिनं शिव्या कुणाला घालायच्या? तुला का मला? भिंतीला भिंत हाय आपली. माझी आण हाय तुला."

तरी मी गेलो. काकीनं पिठलं-भाकरी वाढली, वर कांदा फोडून दिला, आणि मी ते खाऊन परत आलो. इतका मी भित्रा आहे.

गाव सोडलेले माझे मित्र म्हणतात, घराची आठवण येते. मला भीती वाटते. घर म्हणजे आता मला तो एक उंबरा दिसतो, जिथं काकी अजून माझ्यासाठी भाकरी थापते, कारण तिला खरं माहीत नाही. असल्या मायेवर किती दिवस जगायचं?

सुनीता, तू काकीची लेक, म्हणून हे तुला वैजापूरला धाडतोय. दादांची आण मोडली, त्याचं पाप माझं. काकीला वाचता येत नाही. तिच्याजवळ बस आणि हे सगळं वाचून दाखव, एक ओळही गाळू नको. मग मी त्या गल्लीत पाय ठेवायचा की नाही, ते तिला विचारून कळव.