गुरुजीले देलेलं उत्तर

हसायचं असन तर हसून घ्या, पण माही फजिती अर्ध्यात सोडून कोणी उठू नका. चहा थंड झाला तर दुसरा सांगू.

मी पांढरकवड्यात शिंपीकाम करतो. नाव शमुवेल. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, एका टिनाच्या शेडात मावते. यंदा उन्हाळ्यात पाळकसाहेबाईनं चार शनिवारचा वर्ग ठेवला. साध्या माणसानं आपला विश्वास दुसऱ्याले कसा सांगायचा, अन् कोणी उलट सवाल केला तर काय उत्तर द्यायचं, हे शिकवायले नागपुरावरून एक सर येत. एरवी शनिवारी आम्ही म्हाताऱ्या, आजारी लोकाईच्या घरी भेटीले जायचो. ते तेवढं बंद ठेवलं. माणूस एका वेळी करन तरी किती?

सर म्हणत, "समोरचा माणूस विषय बदलेल. बदलू द्यायचा नाही." हे वाक्य मी वहीत दोनदा लिहिलं.

तीन शनिवार झाले. आमचा प्रभू मेल्यावर तिसऱ्या दिवशी कबरीतून जिता उठला, त्या पुनरुत्थानाचे चार पुरावे मले ब्लाऊजच्या मापासारखे पाठ झाले. अडचण एकच होती, मले कोणी काही विचारतच नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, अस्तर किती लागन ते विचारायचं अन् निघून जायचं.

अन् एक दिवस सकाळी गुरुजी आले.

गुरुजी म्हणजे रिटायर मास्तर. त्याईच्या वडलानं दीक्षा घेतली तेव्हापासून घर बौद्ध. आमची वीस वर्षांची बैठक, पण धर्मावर कधी शब्द निघाला नाही. त्या दिवशी ते स्टुलावर बसले, चष्मा पुसला अन् हळूच म्हणाले, "शमुवेल, माणूस मेल्यावर तुमच्यात काय असते रे?"

याहून सरळ सवाल कोणी केला असता काय? मी मशीन थांबवली.

"गुरुजी, मरण म्हणजे शेवट नाही."

"ते ठीक आहे. पण ठेवता किती वेळ?"

"तीन दिवस. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी."

गुरुजीनं बाहेर पाहिलं. दहा वाजताच डांबर चिकट झालतं. "तीन दिवस? या उन्हात? बर्फ लागन मग."

मले वाटलं, थट्टा करून राह्यले. सरांनी सांगतलंच होतं, थट्टा झाली तर चिडायचं नाही. मी समोरच्या पंक्चरवाल्या विनोदले हाक मारली. तोही वर्गातलाच. वही घेऊनच आला.

"बर्फ कायले, गुरुजी?" विनोद म्हणे. "देह तिथं राह्यलाच नव्हता."

"तिथंच आहे बाबू, मी आताच..."

"विषय बदलून राह्यले," मी विनोदच्या कानात म्हटलं, अन् दुसरा पुरावा काढला.

मग तिसरा. मधात गुरुजीनं विचारलं, पेटी कुठं भेटते. मी म्हटलं, पेटी नव्हतीच, तागाच्या कापडात गुंडाळलं होतं. अन् शिंपी माणूस मी, त्या कापडावरच पाच मिनिटं जास्त बोललो. गुरुजीच्या चहावर साय आली. अर्धा तास झाला असन. चौथा पुरावा संपवून विनोद पाणी प्यायले उठला, तेव्हा कुठं त्याईले जागा सापडली.

"सलोमी गेली, शमुवेल. पहाटे. माही बायको तिच्यापाशी बसली आहे. तुमच्यात कसं करतात ते विचारायले आलतो."

सलोमीमावशी. आमच्याच मंडळीतली म्हातारी, गुरुजीच्या भिंतीले लागून एकटी राहायची. मले पहिली प्रार्थना तिनंच शिकवली, मांडीवर बसवून. हे गुरुजीले ठाऊक होतं, म्हणून तर त्याईनं आडून आडून सुरुवात केली.

"आधी सांगतलं काहून नाही?" मी म्हटलं.

"तू बोलत होता."

"आजारी कधीपासून होती?"

"तीन हप्ते झाले. घास उतरत नव्हता. बायको पेज करून देत होती. तुले बोलावतो म्हटलं, तर म्हणे, नका बोलावू, पोरं शिकून राह्यले."

विनोद दारात पाण्याचा गिलास घेऊन उभा होता. त्यानं वही पाठीमागं लपवली. मी उगाच कात्री उचलली अन् परत ठेवली.

माती संध्याकाळी देली. पाळकसाहेबाईनं वचन वाचलं, मग विचारलं, मावशीले कोणतं गीत आवडत होतं. आमच्यापैकी कोणालेच सांगता येईना. गुरुजीनं सांगतलं. रोज भिंतीपलीकडून ऐकू येत होतं म्हणे.

मावशीचा पुतण्या मारेगावहून उशिरा पोचला. तो कोणालेच ओळखत नव्हता. लोकाईनं गुरुजीकडं बोट दाखवलं, तसा तो त्याईच्या पाया पडायले वाकला.

"काकाजी, सगळं तुम्हीच केलं म्हणतात. तुम्ही इथल्या मंडळीतले काय?"

"नाही बाबू. मी बौद्ध. तिचा शेजारी."

मग तो माह्याकडं वळला. "अन् तुम्ही, दादा?"



म्हटलं, "मी गुरुजीसोबत आलो."