एजंटसाहेबांचं पत्र

आमच्या गावच्या संग्रहालयात काचेखाली एक इंग्रजी पत्र ठेवलंय. ते इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटचं. गादी महाराजांची असली तरी संस्थान चालायचं या साहेबाच्या सहीनं. "साहेबानं आमच्या महाराजांचं कौतुक केलंय त्यात," तिथले रखवालदार तात्या येईल त्याला सांगतात. काल मला म्हणाले, "ताई, तुम्ही इंग्लिश मीडियमवाल्या ना? मग नुसत्या बघताय काय? वाचा की!"

मी वाचलं. कौतुक नव्हतंच. महाराजांची आई माहेरी आजारी होती आणि तिला भेटायला जायला साहेबानं त्यांना आठ दिवसांची रजा मंजूर केली होती, एखाद्या कारकुनाला करावी तशी. तात्यांच्या चेहऱ्याकडे पाहून खोटं सांगावंसं वाटलं, पण जमेना. हळूच खरं ते सांगितलं.

तात्या काचेवरून फडकं फिरवत राहिले. मला वाटलं, सही करताना त्या साहेबालाही सातासमुद्रापलीकडची आपली आई आठवली असेल का?

मग तात्यांनी विचारलं, "पण आई भेटली का हो त्यांना?"

पत्रात ते नव्हतं. मी तारीख पाहिली आणि शेजारच्या कपाटात त्यानंतरची पत्रं शोधू लागले.