भिंतीवरचा काळा रंग

बोंगो गावच्या पंपाचं पाणी पिऊन वाढलेल्या सगळ्यांसारखे अकोल्गोचेही दात तपकिरी होते. तो तोंड मिटूनच हसायचा. प्रयोगशाळेतल्या नोकरीत वर्षभर खपून त्याने लोखंडाची डबाभर भुकटी केली होती, एकेक कण डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक. ती पाण्यातलं दात डागाळणारं फ्लोराइड धरायची, चुंबक लावला की तळाशी बसायची, आणि धुऊन पुन्हा वापरता यायची. भाचीचे, चार वर्षांच्या अपोकाचे, पक्के दात अजून यायचे होते; ते तरी डागाळू नयेत म्हणून ही खटपट.

“आई, तळातला काळा गाळ फेकू नकोस,” भुकटी घरच्या पाण्याच्या माठात टाकून, एवढंच सांगून तो नोकरीवर परत गेला होता.

सुट्टीत आला तेव्हा सुगीनंतरच्या रिवाजाप्रमाणे बायकांनी भिंती रंगवल्या होत्या. काळे पट्टे कधी नव्हे इतके गडद होते.

“फेकला नाही बरं,” आई म्हणाली. “काळे दगड उगाळून आमचे हात मोडायचे. हा नुसता मखमलीसारखा.”

“आणि पाणी?”

“पंपाचं. दुसरं कुठलं?”

शेणात कालवलेली भुकटी आता परत मिळणार नव्हती. प्रयोगशाळेतली रसायनंही संपली होती.

अपोकाने मामासाठी पाणी आणलं. निम्मं ती वाटेतच प्यायली होती. पांढरेशुभ्र दुधाचे दात दाखवत ती हसली. अकोल्गो तोंड मिटूनच हसला.