निळ्यांची तपकिरी भावंडं

भांडण झालं तेव्हा पेंटरची बायको मोरीत माशांच्या टाकीच्या जाळ्या घासत बसली होती. नवऱ्याला वाटत होतं ती बाजारात गेलीय. त्यामुळे तिला सगळं जसंच्या तसं ऐकायला मिळालं.

"घेऊन जा रे हे तपकिरी मासे," पेंटर म्हणत होता. "तुझ्या सलूनमधली टाकी रिकामीच पडलीय. असला गाळ घरात ठेवून मी काय करू?"

"घरातला गाळ टाकायला माझंच दुकान दिसलं होय तुला?" सलूनवाला म्हणाला.

"तसं नव्हे रे. तुझी गिऱ्हाइकं आरशात स्वतःचं थोबाड बघतात. मासा निळा की तपकिरी, कोण बघतंय!"

"त्यांच्या थोबाडांचं मी बघीन. पण एक सांगून ठेवतो पेंटर, परत मागायला येऊ नकोस."

"मी? आणि हे परत मागणार? लेका, वेड लागलंय का मला?"

सलूनवाल्याने पिशवी उचलली आणि दार न ओढताच जिना उतरला. पुढे पेंटर केस कापायला दुसरीकडे जायला लागला आणि दर वेळी उंदरांनी कुरतडल्यासारखं डोकं घेऊन घरी यायला लागला. पण अढी ती अढी.

पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. मग छापील फलक आले आणि ब्रश डब्यात वाळून गेले. रिकामा माणूस गावभर हिंडतो, तसा हा हिंडत हिंडत मासेवाल्याच्या दुकानात शिरला आणि सिक्लिड जातीच्या एका निळ्या माशापुढे उभाच राहिला. तसा निळा त्याने जन्मभर डब्यांत ढवळून शोधला होता, कधी जमला नव्हता. तो निळा नर आणि त्याच जातीची एक तपकिरी मादी घेऊन स्वारी घरी आली. तेव्हापासून हीटर माशांना आणि थंड पाण्याची आंघोळ बायकोला.

जात सुंदर, पण नाकापेक्षा मोती जड. नळाच्या पाण्यातल्या औषधाने ती तडफडायची, म्हणून पाणी पिंपात शिळं करून घालायचं. वीज गेली की टाकीला ब्लँकेट. पहिल्या वेतात निम्मी पिल्लं निळी निघाली, निम्मी आईवर गेली. तपकिरी पोरं दांडगट. निळ्यांच्या तोंडचं खायची, वर शेपट्याही कुरतडायची. पेंटरने ती पकडून पकडून वाटून टाकली, शेवटी त्यांची आईसुद्धा.

"अहो, आई तरी राहू द्या," बायको म्हणाली होती.

"तिच्यामुळेच रंग बिघडतो. तुला नाही कळायचं."

आता घरात निळ्यात निळे. पेंटर खूश. पण अंडी पांढरी पडायची, त्यांवर कापसासारखी बुरशी धरायची. फुटलीच तर पिल्लं पाठीत वाकडी, पोट फुगलेली, दोन दिवसांची पाहुणी. पेंटरने नळाला दोष दिला, विजेला दिला, बायकोच्या साबणाला दिला. दोष द्यायला घरात काही उरलं नाही, तोवर मासेही उरले नव्हते. एकच निळी मादी तेवढी मागे राहिली, तीही कोपऱ्यात तोंड घालून.

रंगाच्या वासाने पेंटरची छाती आधीच पोखरली होती. आता तो सकाळचा उठेनासा झाला. "उठून करायचंय काय?" म्हणायचा. ही मादी गेली की हा माणूस अंथरूण सोडणार नाही, हे बायकोला लख्ख दिसत होतं.

खाद्य आणायचं निमित्त करून ती मासेवाल्याकडे गेली. त्याने कपाळाला हात लावला.

"वहिनी, निळ्याला निळा लावून ही जात टिकत नाही. ती तपकिरी भावंडं दिसायला साधी, पण बाप निळा ना त्यांचा? रंग त्यांच्या पोटात असतो. त्यातला एखादा नर या मादीला मिळाला, तर निम्मी पिल्लं निळी होतील, आणि धडही."

घरी येऊन तिने सांगितलं. पेंटर भिंतीकडे तोंड करून पडला. तसाच म्हणाला, "मीच वाटले गं."

दुसऱ्या दिवशी तिने घरोघर विचारून पाहिलं. डॉक्टरांकडचे उन्हाळ्यात उकडून मेले होते, शेजाऱ्यांनी आपले तळ्यात सोडून दिले होते. राहता राहिलं सलून.

"तिथे कुठलं तोंड घेऊन जाऊ?"

"आहे तेच घेऊन चला. दुसरं कुठून आणणार?"

सलूनमध्ये एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लागला होता. टाकीत तळहाताएवढा तपकिरी नर ऐटीत फिरत होता. सगळे त्याला साहेब म्हणायचे.

"बसा वहिनी," सलूनवाला म्हणाला. पेंटरकडे त्याने आरशातूनच पाहिलं. "याचं काय काम?"

"मासा हवाय," पेंटर म्हणाला.

"इथे मासा नाही. गाळ आहे."

"तोच मागायला आलोय."

वस्तरा थांबला. फेसातला माणूस म्हणाला, "साहेबांची बदली होणार नाही हं! आम्ही अर्ज करू!"

"भाऊजी," बायको म्हणाली, "यांची एकच उरलीय. तीही जाईल. आणि मग हे..."

सलूनवाल्याने पेंटरच्या गळपटलेल्या खांद्यांकडे पाहिलं. "साहेब इथून हलणार नाही," तो म्हणाला. "तुझीला इकडे घेऊन ये. आणि ते डोकं कुणी कापलंय रे? बस खुर्चीत."

मादी बादलीतून आली, बादलीला पेंटरचा स्वेटर गुंडाळलेला. टाकीच्या मधोमध भोकांची जाळी लावली. काढली की साहेब धावून जायचा, मादीचे पर फाटायचे, की पुन्हा जाळी. पेंटर रोज दुपारी शिळं पाणी घेऊन यायचा. कॅन सलूनच्या कोपऱ्यापर्यंत बायको उचलायची. तिथून पुढे तो घ्यायचा, म्हणजे सलूनवाल्याला दिसावं की गडी अजून दमदार आहे. सलूनवाल्याला खिडकीतून सगळं दिसायचं. तो नुसती खुर्ची पुढे सरकवायचा.

मग साहेब निवळला. दगडावर अंडी दिसली, आणि पांढरी पडली नाहीत. पिल्लं निघाली ती सरळ पाठीची, पण झाडून सगळी राखाडी. या जातीत निळा उशिरा चढतो, पिल्लं जरा मोठी व्हावी लागतात.

एका दुपारची फेरी पेंटरची शेवटची ठरली. त्या रात्री तो झोपेतच गेला. पण त्या दुपारी त्याला काय ठाऊक? नेहमीसारखा कॅन घेऊन आला, दम खात खुर्चीत टेकला, मग थोडं थोडं करून पाणी ओतलं. भिंग डोळ्याला लावून काचेला नाक टेकवलं.

"दिसतंय काही?" सलूनवाल्याने विचारलं.

"राखाडी. सगळी राखाडी."

"होतील रे."

"झाली तर झाली. नाही झाली तर..." त्याला खोकला आला. "त्या कोपऱ्यातल्याला खायला मिळत नाहीये. दांडगट मध्ये येतात. त्याला वेगळं टाकत जा, चिमूटभरच."

"बरं."

सांडलेलं पाणी त्याने वाकून फडक्याने पुसलं, फडकं पिळून खिळ्याला लावलं आणि रिकामा कॅन उचलला. कोपऱ्यावर बायको उभी होती. कॅन तिच्या हातात देत तो म्हणाला, "झाकण घट्ट लाव गं, मागच्या वेळी वाटेत गळत होतं," आणि तिच्या पुढे चालायला लागला.