अधिकचं चिन्ह पुसणारा प्रोग्राम

नांदेडच्या एका खासगी रक्तपेढीत मी डेटाबेस सांभाळते. रक्तदात्यांच्या नोंदी इथल्या सर्व्हरवर होतात आणि त्यांची नक्कल आपोआप लातूर शाखेच्या सर्व्हरवर जाते. एका दुपारी लातूरच्या तंत्रज्ञ ताईंचा फोन आला.

"मॅडम, औशाच्या एका दात्याचा गट इथं नुसता 'बी' दिसायलाय. पॉझिटिव्ह का निगेटिव्ह, काहीच न्हाई."

मी पाहिलं. माझ्याकडं बी आणि पुढं अधिकचं चिन्ह, स्वच्छ.

"इथं तर बरोबर हाय, ताई."

"पिशवी आम्ही तपासूनच देतो, त्याची काळजी न्हाई. पण असं कामून व्हायलंय?"

मला वाटलं, नक्कल करतानाच चिन्ह गळत असेल. लातूरची नक्कल पुसून नवी केली. सगळं जुळलं. दुसऱ्या दिवशी आणखी काही जणांची चिन्हं गेली. निगेटिव्हवाले मात्र जसेच्या तसे. शेजारी बसणारा सहकारी म्हणाला, "नक्कल चुकत असती तर सगळेच पॉझिटिव्ह बिघडले असते की."

म्हणजे लातूरच्या नकलेत दुसरंच कुणीतरी लिहीत होतं. पण कोण? लेबल छापणारा, साठा दाखवणारा, शिबिराची माहिती भरणारा, मेसेज पाठवणारा, सगळे प्रोग्राम एकाच युजरनेमनं आत यायचे. कुणीतरी आलं, लिहून गेलं, एवढंच सर्व्हर सांगत होता. मी एकेकाचा कोड वाचत बसले. प्रत्येकावर संशय यायचा आणि तासाभरात जायचा.

शेवटी प्रत्येक प्रोग्रामला वेगळं युजरनेम दिलं आणि वाट पाहिली. पुढचं चिन्ह गेलं तेव्हा नोंदीत मेसेजवाल्याचं नाव होतं. मला खरंच वाटेना. तो तर नुसता 'रक्तदानाची वेळ झाली' असं कळवतो. मीच नावांची अदलाबदल केली की काय? नावं बदलून पुन्हा पाहिलं. पुन्हा तोच.

मग उलगडलं. नांदेडवरचा भार कमी व्हावा म्हणून तो कधीतरी लातूरला जोडला होता. मेसेज दात्याच्या गटासकट वेबपत्त्यातून जायचा, आणि वेबपत्त्यात अधिकचं चिन्ह म्हणजे रिकामी जागा असंच वाचलं जातं. पाठवल्याची तारीख टाकताना तो दात्याची अख्खी नोंद, त्या रिकाम्या जागेसकट, परत लिहायचा. मी त्याला नांदेडला जोडलं, कोड दुरुस्त केला, लातूरच्या नकलेत बाहेरून लिहिणं बंद केलं.

तरी एका नोंदीचा उलगडा राहिला. भोकरच्या एका दात्यानं मेसेज नको म्हणून सांगितलं होतं. त्याला एकही मेसेज गेला नव्हता, आणि त्याचंही चिन्ह गेलं होतं.

ताईंना सांगितलं.

"त्याला फोन लावून बघू का?"

"त्याला काय विचारणार, ताई?"

"ते बी खरंच हाय."

त्याची नोंद मी हातानं दुरुस्त केली. ती का बिघडली होती, हे मला अजून सांगता येत नाही.