खिडकीवाली अंडी

आमच्या लॅबमध्ये रिझल्ट साचत नाहीत, किस्से साचतात. चिखलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. त्यात डोणगावचा सुनील माझ्याकडे पीएचडीला आला आणि किस्से आवरेनात.

विषय असा. अंड्यात पिल्लाचं हृदय घडताना त्यावर नव्या रक्तवाहिन्या उगवतात. त्या उगवायला लावणारे जीन तेव्हा चालू असतात, मोठेपणी जवळपास बंद पडतात. ते चालू-बंद कोण करतं, हे अंड्यात वेगवेगळे डोस टोचून शोधायचं. सुनीलला घाई होती. त्याच्या बाबांच्या हृदयाच्या नसा बंद होत चालल्या होत्या आणि डॉक्टरांनी ऑपरेशनला नाही म्हटलं होतं.

*

फार्मची अंडी चालत नाहीत, त्यात पिल्लू नसतं. म्हणून सुनील धाड गावच्या बाजारात एकेका बाईला विचारायचा, "मावशी, घरी कोंबडा आहे ना?"

एकीनं टोपलीच मागे ओढली. "अंडे खातं का त्याईची सोयरीक जमवतं बे?"

*

बाबांना त्यानं सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे बटन आहे, लाईन आहे, फक्त वायरमन सापडून नाही राह्यला."

"हो, बाबा."

"मंग आपल्या गावासारखंच आहे."

*

एकदा लाईट गेली. कॉलेजचा इन्व्हर्टर त्या दिवशी हॉलकडे वळवलेला. तिथे पाहुणे विज्ञानाचं महत्त्व सांगत होते. भाषण व्यवस्थित पार पडलं. इकडे उबवणीच्या पेटीतली सगळी अंडी गार झाली. मी आभार मानायला स्टेजवर होतो, मानले.

*

एकदाच हृदयावर दाट नसा दिसल्या. सुनीलनं मला मायक्रोस्कोपकडे ओढतच नेलं. आम्ही पेढे मागवले. मग त्यानं अंड्यावरची खूण पाहिली. ते नुसतं तुलनेसाठी ठेवलेलं अंडं होतं, त्याला आम्ही काहीच दिलं नव्हतं.

पेढे खाल्ले. टाकून थोडेच द्यायचे?

*

पेटीवरचा भरवसा उडाला तेव्हा सुनीलनं अंडी गावाकडे नेली आणि खुडूक कोंबडीखाली ठेवली. डोस द्यायला कवचाला खिडकी पाडलेली, वरून चिकटपट्टी. असली अंडी कोंबडीखाली टिकतात असं कुठल्या पुस्तकात नाही. एक टिकलं. आमचा डोस दिलेलं ते एकच अंडं उरलं होतं.

बाबा तेव्हा खाटेवरून उठत नव्हते. सुनीलनं पट्टी काढून त्यांना दाखवलं. लाल नसांचं जाळं ठोक्यागणिक हलत होतं.

"उगल्या का बे नसा?"

"ह्या बाहेरच्या, बाबा. हृदयावरच्या पाहाले पिल्लू काढून मायक्रोस्कोपखाली ठेवा लागते."

"काढल्यावर जगते का ते?"

"नाही."

बाबांनी अंडं हातात घेतलं, पट्टी स्वतःच दाबून बसवली. "ठेव त्याले कोंबडीखाली."

त्याच आठवड्यात बाबा गेले. घरचं आटोपून सुनील लॅबमध्ये आला. हात रिकामेच. मी जे विचारायला नको तेच विचारलं, "अंडं?"

"कोंबडी त्याच्यावरून उठली नाही, सर," तो म्हणाला. "मीबी उठवली नाही."