उजव्या बाजूचं पाणी

“प्लूरल इफ्यूजन,” असं म्हणून डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साठलेलं. महिनाभर उजव्या कुशीत कळ मारत होती, ताप येत होता, आणि मी ते मिलमधल्या दमट हवेवर ढकलत होतो. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, मी जॉबर, विणकरांवर देखरेख करणारा. पडून राहायला फुरसत कुणाला? शेवटी बायकोने दटावून लालबागहून परळच्या इस्पितळात आणलं.

वॉर्डातले मोठे डॉक्टर हुशार, पण तोंडाने भारी फटकळ. दुसऱ्या दिवशी कमल सिस्टरने कुणाच्या तरी औषधाबद्दल शंका काढली, तर त्यांनी हातातला ट्रे जमिनीवर आपटला. सगळ्या वॉर्डासमोर तिला मूर्ख म्हणाले. त्यानंतर राउंडला ती तोंडातून ब्र काढेना. खरं सांगतो, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माणसं कामाला लावायची तर आवाज चढवावाच लागतो, असं मीही मानत होतो.

चौथ्या दिवशी पाणी काढायचं ठरलं. त्यासाठी उशीवर ओणवं बसवतात आणि पाठीतून सुई घालतात. डॉक्टर माझ्या मागे, कमल सिस्टर समोर माझे खांदे धरून. खाली रस्त्यावरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता, तर खिडकी लावा म्हणून डॉक्टर ओरडले. मग पाठीला गार आयोडीन लागलं, डावीकडे. मनात आलं, दुखतं तर उजवीकडे. पण एवढे मोठे डॉक्टर, त्यांना कळत असेलच.

तेवढ्यात सिस्टरने एक हात सोडून स्वतःच्या उजव्या बरगडीवर ठेवला आणि आवाज न काढता ओठ हलवले. तिचा बाप वरळीच्या चाळीतला विणकर. साच्यांच्या खडखडाटात आम्ही असंच बोलतो, हातांनी आणि ओठांनी. मी समजलो.

“डॉक्टर, दुखणं उजवीकडं आहे.”

“डॉक्टर मी आहे की तू?”

त्यांचा आवाज ऐकून मेट्रनबाई आल्या. वयस्कर, शांत बाई. “एक्स-रेची फिल्म पुन्हा एकदा बघू या, डॉक्टर. तोवर सुई खाली ठेवा.”

फिल्म उलटी लावली होती, उजवं ते डावं दिसत होतं.

पाणी उजवीकडून निघालं, बाटलीभर. दुखणं क्षयाचं ठरलं आणि स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं सुरू झाली. मेट्रनबाईंनी मात्र प्रकरण सोडलं नाही, वर लेखी कळवलं. नियम झाला: सुईआधी सिस्टरने बाजू मोठ्याने सांगायची, डॉक्टरांनी ती परत म्हणायची. आवाज चढला की मेट्रनबाई राउंड थांबवून उभ्या राहत. डॉक्टर काही गोड झाले नाहीत, पण ऐकून घ्यायला लागले. कमल सिस्टरचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. तुमच्यावर अशी पाळी आली तर दुखरी बाजू स्वतःच्या तोंडाने सांगा.

सहा महिन्यांनी कामावर गेलो. जेवणाची सुट्टी होती, साचे बंद. दोन विणकर गप्पा मारत होते. मला पाहताच त्यांचा आवाज थांबला आणि हात हलू लागले. इतकी वर्षं मी ती खात्याची सवय समजत होतो.

“तोंडानं बोला रे,” मी म्हणालो, “साचे बंद आहेत.”

दोघं डबे झाकून उठले. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी तिथंच जाऊन बसलो.